लाल दिव्याची खोली
मुरुमांचे डाग, सौम्य प्रकाश आणि आपली सावळी त्वचा

कराडला आमचा फोटो स्टुडिओ होता. वयाच्या पंधराव्या वर्षापासून मी तिथे दोन कामं करत असे. लाल दिव्याखाली ब्रोमाइड पेपर धुणं हे एक, आणि निगेटिव्हवर पेन्सिल चालवणं हे दुसरं. दुसरं काम जास्त नाजूक होतं. स्थळासाठी फोटो काढायला मुलगी यायची, सोबत आई किंवा आत्या. फोटो झाला की मुलगी आरशाकडे वळायची आणि तेवढ्यात आई अण्णांना हळूच सांगायची, "तेवढे गाल साफ करून द्या हं."

गालावरचा डाग फोटोत काळपट दिसतो, म्हणजे निगेटिव्हवर त्या जागी चांदीचा थर विरळ असतो. तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, मागून उजेड घ्यायचा आणि टोकदार पेन्सिलीने त्या विरळ जागा ठिपक्या-ठिपक्यांनी भरून काढायच्या. छापल्यावर गाल गुळगुळीत. अण्णांचा एकच नियम होता: "डाग काढ, चेहरा काढू नकोस." पेन्सिल जास्त चालली की माणूस ओळखू येत नाही, आणि पाहायला आलेली मंडळी फोटो आणि मुलगी ताडून बघतातच.

त्या मुलींच्या खऱ्या गालांचं पुढे काय होत असेल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. तो पडला फार उशिरा, माझ्या पुतणीमुळे. बावीस वर्षांची मुलगी. मुरूम ओसरले होते, पण दोन्ही गालांवर डाग राहिले होते. मैत्रिणीने सांगितलं म्हणून तिने औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. पहिले तीन आठवडे चेहरा असा उजळला की घरातल्या सगळ्यांनी कौतुक केलं. ट्यूब संपली आणि दहा दिवसांत चेहरा लाल झाला, आग होऊ लागली आणि पूर्वी नव्हते तिथेही मुरूम आले. ती घराबाहेर पडेनाशी झाली.

मी डॉक्टर नाही. बारावीच्या पुढे शिकलो नाही. स्टुडिओ बंद झाल्यावर वाचनाचा नाद वाढला आणि वैद्यकातले शोधनिबंध शब्दकोश शेजारी ठेवून वाचायची सवय लागली. जिथे अडलं तिथे त्वचारोगतज्ज्ञांना विचारत गेलो. या लेखात त्या वाचनाचं सार आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

डाग म्हणजे नेमकं काय

मुरूम ही आजची तक्रार नाही. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये तिला 'मुखदूषिका' म्हटलं आहे आणि तरुणांच्या चेहऱ्यावर येणाऱ्या या पुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. ज्याने काटेसावरीचं खोड जवळून पाहिलं आहे त्याला ही उपमा किती अचूक आहे ते कळेल.

मुरूम गेल्यावर मागे जे राहतं त्याला आपण सरसकट 'डाग' म्हणतो, आणि सगळा घोटाळा इथून सुरू होतो. त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली लालसर खूण. दाह झालेल्या जागी बारीक रक्तवाहिन्या रुंदावलेल्या राहतात, त्यामुळे ती दिसते. काचेचा तुकडा दाबून धरला तर ती फिकी पडते. दुसरी तपकिरी किंवा काळपट खूण. दाहाने डिवचलेल्या रंगपेशींनी त्या जागी जास्तीचं मेलॅनिन ओतलेलं असतं. काच दाबली तरी ही फिकी पडत नाही. तिसरा खड्डा. दाह खोलवर गेला, त्वचेला आधार देणारं कोलॅजन नष्ट झालं आणि भरून आलं ते कमी. खड्डे अरुंद आणि खोल असतात, चौकोनी काठांचे असतात किंवा लाटेसारखे उथळ असतात.

बोट फिरवलं तर पहिल्या दोन खुणा हाताला लागत नाहीत, खड्डा लागतो. ही साधी परीक्षा घरीही करता येते आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे. लाल आणि तपकिरी खुणा काळ जाईल तशा विरतात. खड्डा मलमाने किंवा दिव्याने भरत नाही. त्यासाठी सुयांचं यंत्र, आम्लाचा नेमका थेंब, त्वचेखालचे धागे सोडवणं किंवा लेसर असे उपाय तज्ज्ञाच्या हातूनच करावे लागतात.

गोऱ्या त्वचेत लाल खूण जास्त दिसते, आपल्या त्वचेत तपकिरी. युरोप-अमेरिकेत तयार झालेल्या जाहिरातीत आणि आपल्या आरशात हा पहिला फरक. डॉक्टर ज्या सहा वर्गांत त्वचेचा रंग मोजतात ती मोजपट्टी हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५मध्ये मांडली, तीदेखील आधी गोऱ्या त्वचेपुरती होती. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे वर्ग तिला नंतर जोडले गेले.

कोपनहेगनची लाल खोली

प्रकाशाने त्वचा दुरुस्त करण्याच्या आधुनिक कथेची सुरुवात व्रणांपासूनच होते. नील्स फिन्सेन यांचा जन्म १८६०चा, उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरचा. पुढे ते कोपनहेगनला डॉक्टर झाले. ते स्वतः आयुष्यभर आजारी होते आणि सूर्यप्रकाशात आपल्याला बरं का वाटतं या प्रश्नाने त्यांना प्रकाशाकडे नेलं.

१८९३मध्ये त्यांनी एक विलक्षण सूचना केली. देवीच्या रुग्णाला लाल काचांच्या, लाल पडद्यांच्या खोलीत ठेवा. प्रकाशातले निळे, जांभळे आणि अतिनील किरण त्वचेचा दाह वाढवतात. ते गाळून फक्त लाल उजेड आत येऊ दिला तर फोड पिकणार नाहीत आणि तोंडावर वण राहणार नाहीत, असा त्यांचा तर्क होता. हे वाचताना मला आमची डार्करूम आठवली. आम्ही कागदाला जपत होतो, ते त्वचेला जपू पाहत होते. दोन्हीकडे निळ्या किरणांना दार बंद. इतर डॉक्टरांना मात्र लाल खोलीचा तसा पडताळा आला नाही आणि ती पद्धत मागे पडली. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. माझ्या लहानपणी देवीचे वण असलेले चेहरे बाजारात सहज दिसत, त्यामुळे तोंडावरचा व्रण टाळण्यासाठी एका माणसाने एवढा खटाटोप का केला हे मला समजावून घ्यावं लागलं नाही.

फिन्सेन यांना यश मिळालं ते उलट्या दिशेने. त्वचेच्या क्षयावर त्यांनी कार्बनच्या दिव्याचा एकवटलेला निळा-जांभळा प्रकाश टाकला आणि चेहरा पोखरणारा तो आजार बरा होऊ लागला. १८९६मध्ये कोपनहेगनला त्यांची प्रकाशोपचार संस्था उभी राहिली, १९०३मध्ये त्यांना वैद्यकाचं नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी, त्रेचाळिसाव्या वर्षी, ते गेले.

त्यांचा दिवा नेमकं काय करत होता हे शंभर वर्षांनी, २००५मध्ये, डॅनिश संशोधकांनी जुनी उपकरणं तपासून सांगितलं. त्या भिंगांतून लघुलहरींचे अतिनील किरण बाहेर पडतच नव्हते. क्षयाच्या जंतूंमध्ये पोरफिरिन नावाची द्रव्यं असतात. ती जांभळा-निळा उजेड शोषतात, त्यातून तिखट ऑक्सिजन तयार होतो आणि जंतू स्वतःच्याच पोटातल्या द्रव्यामुळे मरतो. मुरुमांत वाढणारा जंतूही असंच पोरफिरिन तयार करतो. आज मुरुमांवर जो ४१५ नॅनोमीटरचा निळा दिवा वापरतात त्यामागचं तत्त्व हेच.

उंदरांचे केस आणि अवकाशातली रोपं

लाल उजेडाची गोष्ट पुन्हा सुरू झाली ती योगायोगाने. १९६७मध्ये बुडापेस्टचे डॉ. एंड्रे मेस्टर लाल लेसरने उंदरांमधली गाठ जाते का ते पाहत होते. लेसर फारच कमकुवत होता, गाठीवर परिणाम झाला नाही. पण प्रयोगासाठी ज्या जागेचे केस काढले होते तिथे केस लवकर उगवले. पुढे जखमा भरण्यावरही त्यांनी तो वापरून पाहिला. प्रखर लेसर जाळतो, कापतो; मंद लेसर पेशींना हलकेच चालना देतो, ही कल्पना इथून आली.

नंतर अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी अवकाशयानात रोपं वाढवायला लाल एलईडी दिवे बनवले गेले. विस्कॉन्सिनच्या हॅरी व्हीलन यांनी तेच दिवे जखमांवर वापरून २००१मध्ये आपले निष्कर्ष छापले. लेसरची महागडी यंत्रणा नको, साधे दिवे चालतील, हे दिसल्यावर हा उपचार दवाखान्यातून घराकडे निघाला.

दिवाळीच्या रात्री पणतीपुढे किंवा टॉर्चपुढे तळहात धरून पाहा. बोटांच्या फटी आणि कडा लाल दिसतात. पांढऱ्या उजेडातले निळे-हिरवे किरण रक्त आणि मेलॅनिन यांनी शोषले जातात, लाल तेवढे आरपार येतात. म्हणून ६३० ते ६६० नॅनोमीटरचा लाल उजेड त्वचेत खोल पोचतो आणि ८३०च्या आसपासचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण आणखी खोल. तिथे पेशींच्या ऊर्जाघरात एक विकर हा उजेड शोषून घेतं, पेशीला थोडी जास्त ऊर्जा मिळते, दाह कमी होतो आणि कोलॅजन बनवणाऱ्या पेशी कामाला लागतात, असं आजचं सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे.

या उपचाराचा एक गुणधर्म फोटोग्राफरला लगेच कळतो. त्याला ठरावीक एक्स्पोजर लागतं. कमी दिलं तर परिणाम नाही आणि जास्त दिलं तर परिणाम वाढण्याऐवजी घटतो. हिशेब सोपा आहे. दिव्याची ताकद दर चौरस सेंटिमीटरला ४० मिलिवॅट असेल आणि तो १० मिनिटं लावला, तर त्वचेला २४ जूल मिळाले. ज्या यंत्रावर तरंगलांबी आणि ताकद हे दोन आकडे लिहिलेले नसतात, त्याचा हिशेबच मांडता येत नाही.

आणि पुरावा? लंडनमध्ये १०७ रुग्णांवर झालेल्या आणि २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४१५चा निळा आणि ६६०चा लाल उजेड एकत्र वापरल्यावर १२ आठवड्यांत दाहक मुरूम सरासरी ७६ टक्क्यांनी सुधारले. पण २०१६मध्ये कॉक्रेन या संस्थेने मुरुमांवरच्या प्रकाशोपचारांचे ७१ प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा ठामपणे शिफारस करावी असा भक्कम पुरावा फारसा हाती लागला नाही. शिवाय हे प्रयोग मुरुमांचे आहेत. मागे राहिलेल्या खुणांवर लाल उजेडाचे प्रयोग लहान आणि थोडे आहेत. लाल खूण थोडी लवकर ओसरावी, चिडलेली त्वचा शांत व्हावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. खड्डा भरेल ही नाही.

माझी चूक

पुतणीचा चेहरा जरा शांत झाल्यावर मी तिला एलईडीचा मुखवटा मागवून दिला. त्यात लाल, निळा आणि दोन्ही मिळून असे तीन प्रकार होते. मुरूम आणि डाग दोन्ही जावेत म्हणून तिने मिळून असलेला निवडला, मीही हो म्हटलं. दीड महिन्याने ती म्हणाली, "काका, मुरूम कमी झालेत, पण डाग जास्त काळे दिसतायत का हो?" दिसत होते. दोष एकट्या मुखवट्याचा होता असं मी म्हणणार नाही, कारण त्याच दिवसांत ती परीक्षेसाठी भर उन्हात ये-जा करत होती. पण मी वाचायला बसलो आणि मला माझीच लाज वाटली.

२०१०मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या संशोधकांनी दाखवलं होतं की, सावळ्या आणि काळ्या त्वचेवर नुसत्या दृश्य प्रकाशानेही, म्हणजे अतिनील किरण नसतानाही, गडद आणि टिकाऊ रंग चढतो. गोऱ्या त्वचेवर तो चढत नाही. २०१४मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरातल्या संशोधकांनी तो प्रकाश रंगांत विभागून पाहिला. ४१५चा निळा-जांभळा उजेड लावलेली जागा काळवंडली आणि कित्येक आठवडे तशीच राहिली. ६३०चा लाल लावलेली जागा काळवंडली नाही. २०१८मध्ये त्याच शहरातून उत्तर आलं की रंगपेशींमध्ये ऑप्सिन-३ नावाचं एक ग्राही प्रथिन असतं. आपल्या डोळ्याच्या पडद्यात प्रकाश ओळखणारी जी प्रथिनं असतात, त्याच घराण्यातलं. ते निळा उजेड ओळखतं आणि रंगपेशीला मेलॅनिन तयार करायला सांगतं.

आमचा ब्रोमाइड पेपरही अगदी असाच वागायचा. लाल दिव्याखाली तासभर ठेवला तरी पांढरा, आणि दाराच्या फटीतून दिवसाची एक तिरीप आली की काळा. आयुष्यातली वीस वर्षं मी त्या खोलीत काढली होती. सावळी त्वचा निळ्या उजेडापुढे काय करेल हे मला निदान सुचायला तरी हवं होतं. वाहता मुरूम असेल तर निळा दिवा तज्ज्ञाच्या सल्ल्याने उपयोगी पडेलही. पण मुरूम गेले आहेत आणि तपकिरी डाग राहिले आहेत, अशा सावळ्या चेहऱ्यावर तोच दिवा उलटू शकतो. खोक्यावर हे छापलेलं नव्हतं.

डोळ्यांचंही सांगायला हवं. निळ्या-लाल उजेडाचा एक खूप खपलेला मुखवटा २०१९मध्ये कंपनीनेच परत बोलावला, कारण डोळ्याच्या पडद्याचे काही आजार असलेल्या किंवा प्रकाशाला हळवं करणारी औषधं घेणाऱ्या माणसांना त्याचा धोका संभवत होता. मुरुमांसाठी सर्रास दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनची गोळी याच प्रकारची. ती चालू असताना घरी कुठलाही दिवा लावण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

त्या ट्यूबची वंशावळ

आता पुतणीने आधी लावलेली ट्यूब. तिच्यात तीन औषधं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. या त्रिकुटाचा मूळपुरुष म्हणजे फिलाडेल्फियाचे त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन. १९७५मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर त्वचेचा रंग उतरवणारं मिश्रण प्रसिद्ध केलं. ट्रेटिनॉइन मुरुमांवर आणण्याचं श्रेयही त्यांचं. त्याच क्लिगमन यांनी होम्सबर्गच्या तुरुंगात कैद्यांच्या त्वचेवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, आणि त्या कैद्यांत काळ्या माणसांचा भरणा मोठा होता. आपण बोटावर घेतो त्या मलमामागे हा इतिहास आहे.

मिश्रण खोटं नाही. वांगावर डॉक्टर ते मोजक्या आठवड्यांसाठी देतात. पण स्टेरॉइड दाह तात्पुरता दडपतं, म्हणून पहिल्या महिन्यात चेहरा उजळतो. लावत राहिलं तर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते. थांबवलं की दडपलेला दाह दुपटीने वर येतो. २०११मध्ये भारतातल्या अनेक शहरांतल्या त्वचारोग विभागांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड मलमाचा गैरवापर करत होते. दर सातांत एक. २०१८मध्ये सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरी पुतणीला ट्यूब मिळाली, ती चिठ्ठीशिवायच.

त्या त्रिकुटातलं ट्रेटिनॉइन मात्र एकटं वापरलं तर खरोखर कामाचं आहे. १९९३मध्ये अमेरिकेत काळ्या वर्णाच्या ५४ लोकांवर, दाहानंतरच्या काळ्या खुणांसाठीच, त्याचा ४० आठवडे अभ्यास झाला आणि खुणा लक्षणीय फिकट झाल्या. मला त्यातला ४० हा आकडा महत्त्वाचा वाटतो. स्टेरॉइडचं कौतुक तीन आठवड्यांत होतं; खऱ्या दुरुस्तीला नऊ महिने लागले. ट्रेटिनॉइनने सुरुवातीला त्वचा सोलते, चुरचुरते. सावळ्या त्वचेत ही चुरचुर वाढू दिली तर तिचाच नवा डाग पडतो. म्हणून वाटाण्याएवढं, एक रात्र सोडून आणि आधी साधं मॉइश्चरायझर लावून सुरू करायला सांगतात. गरोदरपणात ते वर्ज्य आहे.

पुण्यात सापडलेलं सत्त्व

ज्यांना ट्रेटिनॉइनच्या कुळातली औषधं सोसत नाहीत त्यांच्यासाठी जगभरच्या बाजारात अलीकडे बाकुचिओल नावाचं द्रव्य आलं आहे. त्याच्या परदेशी बाटल्यांवर जे लिहिलेलं नसतं ते असं: हे द्रव्य आपल्या बावचीच्या बियांतून वेगळं काढलं गेलं ते पुण्यात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुखदेव आणि त्यांचे सहकारी मेहता व नायक यांनी १९६६मध्ये ते जगापुढे मांडलं. त्वचेशी त्याचा संबंध पुढे कित्येक वर्षांनी जुळला. २०१८मध्ये ४४ जणांवर झालेल्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात अर्धा टक्का बाकुचिओल आणि अर्धा टक्का रेटिनॉल यांची तुलना झाली. सुरकुत्या आणि काळसर रंग दोघांनीही सारखेच कमी केले. सोलणं आणि चुरचुर रेटिनॉलने जास्त झाली. प्रयोग लहान आहे, पण दिशा आशेची आहे.

इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण बावचीची पूड आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात सहज मिळते. त्या बियांत सोरालेन नावाची दुसरी द्रव्यंही असतात. ती त्वचेला उन्हाबाबत अतिशय हळवी करतात. कोडावर बावची लावून ऊन घेण्याचा आयुर्वेदातला जुना उपचार त्यांच्याच जोरावर चालतो, आणि पुढे आधुनिक वैद्यकानेही सोरालेन आणि अतिनील किरण यांचा उपचार बनवला. तिथे त्वचेत रंग आणायचा असतो. मुरुमाचे डाग घालवायला हीच पूड दुधात कालवून गालाला लावली आणि उन्हात गेलं, तर फोड येतात आणि मागे राहतो तो आधीपेक्षा काळा डाग. शुद्ध केलेलं बाकुचिओल वेगळं आणि बावचीची पूड वेगळी.

मग करायचं काय

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पुतणीला लिहून दिलेली चिठ्ठी चार ओळींची होती. ती वाचून तिची आई म्हणाली, "एवढंच?" सौम्य फेसवॉश आणि साधं मॉइश्चरायझर. सकाळी निआसिनामाइड, रंगपेशीत तयार झालेलं मेलॅनिन शेजारच्या पेशींना पोचतं, ती पोच ते कमी करतं. रात्री ॲझेलाइक ॲसिड. ते मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं आणि गरोदरपणातही सहसा सुरक्षित मानलं जातं. चौथी ओळ सनस्क्रीनची होती, पण साध्या नव्हे, तपकिरी छटा असलेल्या. त्या छटेत लोहाचे ऑक्साइड असतात. आपण कुंडीला लावतो तो गेरू मुळात हेच द्रव्य. साधं सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, निळा उजेड बहुतेक जाऊ देतं. लोहाचं ऑक्साइड निळा उजेडही शोषतं. अर्थात कुंडीचा गेरू तोंडाला लावायचा नाही. सनस्क्रीनमधलं शुद्ध केलेलं असतं.

मुखवट्याबद्दल विचारल्यावर बाई म्हणाल्या, हवा तर फक्त लाल वापरा, आठवड्यातून तीन वेळा, दहा मिनिटं, डोळे झाकून. नाही वापरला तरी बिघडत नाही. सनस्क्रीन मात्र एक दिवसही चुकवायचं नाही.

आईच्या त्या 'एवढंच?'चं उत्तर मला आता देता येईल. तरुण त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो. वरच्या थरातलं जास्तीचं मेलॅनिन त्याच्याबरोबर महिन्या-महिन्याने झडत जातं. खालच्या थरात उतरलेलं वर्षानुवर्षं रेंगाळतं. दुरुस्ती त्वचा स्वतःच करते. मलम, दिवा आणि सनस्क्रीन तिला त्या कामात अडथळा येऊ देत नाहीत, थोडा हातभार लावतात. घासणं, लिंबू चोळणं, टूथपेस्ट लावणं, कडक आम्लाने सोलणं यातल्या प्रत्येक घाईची सावळी त्वचा नवा डाग पाडून नोंद ठेवते. गोऱ्या त्वचेला एखादी आगळीक चालून जाते. आपल्या त्वचेत सौम्यपणा ही उपचाराची पहिली अट आहे.

आणि डाग घालवणं म्हणजे गोरं होणं नव्हे, हेही एकदा स्पष्ट व्हावं. डागाच्या शेजारची त्वचा जशी आहे तसा डाग व्हावा, एवढंच दुरुस्तीचं माप. त्या ट्यूबने सगळा चेहराच उतरवायला घेतला होता. अण्णांच्या भाषेत, डाग काढता काढता चेहरा काढला होता.

चिठ्ठी सुरू होऊन या दिवाळीला अकरा महिने झाले. लाल खुणा गेल्या आहेत. तपकिरी खुणा जवळून पाहिलं तर दिसतात, हातभरावरून नाही. उजव्या कानशिलापाशी दोन खड्डे आहेत, ते आहेत तसेच आहेत, आणि त्यांचं काय करायचं ते ती सावकाश ठरवणार आहे. गेल्या महिन्यात नोकरीच्या अर्जासाठी तिला फोटो हवा होता. माझ्याकडे जुना कॅमेरा अजून आहे. मी खिडकीशेजारी तिला बसवलं, फोटो काढला आणि संगणकावर उघडला. गाल नीट करू का, असं सवयीने विचारलं.

"नको काका," ती म्हणाली. "ताडून बघणारे बघू देत."